पिकअप स्वस्त झाली म्हणजे नेमकी किती? चिखल्याच्या धान उत्पादकासाठी खरेदीचा हिशेब

धानाची चुरणी आटोपली की तुमसर तालुक्यात दोन विषय हमखास निघतात. एक, खरेदी केंद्रावर नंबर कधी लागणार. दुसरा, यंदा गाडी घ्यायची का. या हंगामात दुसऱ्या विषयाला जोर आला आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शोरूमवाल्यांचे फोन सुरू झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन फिरू लागली. चिखला, सीतासावंगी, गोबरवाही या पट्ट्यातला पाच-सात एकरवालाही आता पिकअपचा विचार करतो आहे. विचार करायला हरकत नाही. पण ‘लाखभर वाचतात’ हे वाक्य ऐकून सही करण्याआधी पुढचा हिशेब एकदा वाचा.

दहा टक्के कमी झाले, सात टक्के वाढले

जीएसटी कमी झाल्याची बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचली. तिच्या अडीच महिने आधीची दुसरी बातमी मात्र फारशी कोणाच्या लक्षात नाही. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी मोटार वाहन कर लावण्याचे ठरले आणि १ जुलै २०२५ पासून तो लागू झाला. त्याआधी हा कर गाडीच्या वजनावर होता. दहा लाखांच्या पिकअपला साधारण २० हजार रुपये भरावे लागत. आता किमतीवर टक्केवारी असल्याने तोच आकडा ७० हजारांपर्यंत जातो.

म्हणजे केंद्राने एका हाताने दिले आणि राज्याने दुसऱ्या हाताने काही काढून घेतले. किती, ते मांडून पाहू. जुन्या दराने जीएसटीसह दहा लाखांना मिळणारी गाडी घ्या. तिची मूळ किंमत ७,८१,२५० रुपये होती. त्यावर १८ टक्के लावले की नवी किंमत ९,२१,८७५ रुपये होते, म्हणजे ७८ हजारांची बचत. आता याच किमतीवर ७ टक्के धरले तर राज्याचा कर सुमारे ६४,५०० रुपये. आधीच्या २० हजारांच्या तुलनेत साडेचव्वेचाळीस हजार जास्त. हातात उरले साधारण साडेतेहतीस हजार. जून २०२५ मध्ये गाडी घेतलेल्या तुमच्या शेजाऱ्यापेक्षा तुम्हाला इतकाच फायदा आहे, लाखभराचा नाही.

टाटा मोटर्सने सप्टेंबरमध्ये आपल्या छोट्या मालवाहू आणि पिकअप गाड्यांच्या किमती ३० हजार ते १ लाख १० हजारांनी कमी केल्याचे जाहीर केले होते. आकडा खरा आहे, पण तो शोरूम किमतीचा आहे. तुम्ही पैसे भरता ते रस्त्यावर येणाऱ्या गाडीचे. म्हणून कोटेशन घेताना शोरूम किंमत, राज्याचा कर, विमा, नोंदणी आणि बाकीचे ‘हँडलिंग’ अशा वेगवेगळ्या ओळी लिहून मागा. एकाच आकड्यात सगळे गुंडाळून देणाऱ्याकडून घेऊ नका.

ट्रॅक्टरचा जीएसटी याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हेही विसरू नका. ज्याच्याकडे अजून ट्रॅक्टरच नाही त्याने आधी पिकअप घेणे मला उलटे वाटते. पावसाळ्यात बांधीत पिकअप उतरत नाही. धान असो की तणस, शेतातून धुऱ्यापर्यंत आणि धुऱ्यावरून पक्क्या रस्त्यापर्यंत माल ट्रॅक्टरच आणतो. पिकअपचे काम डांबरी रस्त्यावर सुरू होते.

आपल्या घरच्या धानाला किती फेऱ्या लागतात?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण काढतच नाहीत. पाच एकर धान, एकरी अठरा क्विंटल धरले तर ९० क्विंटल माल. सव्वा-दीड टनी वर्गातल्या १.३ टन क्षमतेच्या पिकअपमध्ये १३ क्विंटल बसतात, म्हणजे ४० किलोचे बत्तीस कट्टे. सगळा धान केंद्रावर न्यायला सात फेऱ्या. खत, बियाणे, रब्बीतला हरभरा, लाखोळी, घरचे इतर काम धरून आणखी दहा-बारा फेऱ्या जोडा. वर्षभरात वीस. या वीस फेऱ्या प्रत्येकी १,२०० रुपये भाडे देऊन केल्या तरी खर्च २४ हजार.

आता स्वतःच्या गाडीचा उभा खर्च पाहा, म्हणजे ती अंगणात उभी राहिली तरी लागणारा. रस्त्यावर सव्वादहा लाखांना पडणारी गाडी, दोन लाख स्वतःचे, सव्वाआठ लाखांचे कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षे मुदत. हप्ता येतो १७,७०० रुपयांच्या आसपास. विम्याचे महिन्याला अडीच हजार बाजूला काढा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता तृतीय पक्ष विमाच २०२२ च्या दराने १६,०४९ रुपये आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग त्यावर येतो. तपासणी, पीयूसी, किरकोळ खर्चाला हजार. एकूण २१,२०० रुपये महिना, वर्षाचे अडीच लाख.

चोवीस हजारांच्या कामासाठी अडीच लाख. हे जुळत नाही. म्हणून स्वतःच्या शेतमालासाठी पिकअप घेतो असे कोणी म्हटले की मी त्याला थांबवतो. पिकअप घेणे म्हणजे शेतीला जोडून वाहतुकीचा धंदा सुरू करणे आहे आणि त्याचा निर्णय धंदा म्हणूनच व्हायला हवा.

धंदा बसतो का, तेही मोजू. डिझेल लिटरला ९० रुपये धरा आणि भरल्या गाडीचे मायलेज १२. किलोमीटरला साडेसात रुपये डिझेल, टायर-ऑइल-सर्व्हिसिंगचे अडीच. एकूण दहा रुपये. चिखल्याहून नागपूरचे कळमना मार्केट जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर धरले तर चालता खर्च २,२५० रुपये. भाडे साडेचार हजार मिळाले तर फेरीला २,२५० उरतात. उभा खर्च भरून काढायला महिन्याला दहा फेऱ्या हव्यात आणि त्यातही स्वतःच्या मजुरीचा रुपया नाही. बारा हजारांचा ड्रायव्हर ठेवला तर पंधरा फेऱ्या. माझे आकडे तुमच्या गावचे नसतील. कागद घ्या, तुमच्या भागातले भाडे, तुमच्या बँकेचा व्याजदर टाका आणि पुन्हा काढा.

एक फसवी बाजू अशी की या फेऱ्या बारा महिन्यांच्या सरासरीत हव्यात. नोव्हेंबर ते जानेवारी गाडीला उसंत नसते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीच्या दिवसांत ती पंधरा-पंधरा दिवस उभी राहते. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून जातो. धानाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात साधारण जातीला २,३६९ आणि ‘अ’ दर्जाला २,३८९ रुपये होता, पण विकल्याच्या दिवशी पैसे खात्यात पडतील या भरवशावर हप्त्याची तारीख ठेवू नका. ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही हप्त्यांची सोय बऱ्याच ठिकाणी मिळते. पिकअपचे कर्ज व्यावसायिक वाहनाचे असते आणि हप्ता मासिक. किमान चार हप्त्यांइतकी रक्कम वेगळी ठेवता येत नसेल तर या वर्षी थांबा.

चिखल्यात भाडे कशाचे मिळते

बाहेरच्या माणसाला वाटते, खाणीचे गाव आहे, गाडीला काम कमी पडणार नाही. चिखल्याला मॉइलची मँगनीजची भूमिगत खाण आहे आणि शेजारी डोंगरी बुजुर्गची उघडी खाण. पण मँगनीज पिकअपमधून जात नाही. ते काम डंपरचे आणि रेल्वेचे. खाणीचा उपयोग आहे तो दुसऱ्या बाजूने. पगारदार घरे आहेत, म्हणून किराणा, भाजी, फर्निचर, बांधकामाचे सामान, गॅस सिलिंडर अशी बारमाही वाहतूक या भागात आहे. निव्वळ शेतीच्या गावात ही नसते. भाजीपाल्याचे पाच-सहा उत्पादक मिळून आठवड्याचे ठरलेले दिवस बांधून देत असतील, मामा तलावावरच्या मच्छीमार संस्थेचा माल उचलायचा करार होत असेल, तर गाडीचा पाया पक्का होतो. अशी दोन तरी बांधील गिऱ्हाइके आधी हातात घ्या, मग शोरूमला जा. ‘गाडी दारात आली की काम मिळतेच’ असे सांगणारा माणूस सहसा गाडी विकणारा असतो.

एका भाड्यापासून मात्र लांब राहा. रेती. बावनथडी आणि वैनगंगेच्या काठावर रात्रीच्या दोन-तीन फेऱ्यांचे पैसे दिवसभराच्या कामापेक्षा जास्त मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. परवान्याशिवाय गौण खनिज नेताना गाडी सापडली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड तर होतोच, शिवाय गाडीही जप्त होते. गाडी तहसीलच्या आवारात उभी असते आणि हप्ता सुरूच राहतो. ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी तर रात्री गाडीची चावी घरात ठेवावी. उन्हाळ्यात तेंदूपानाची वाहतूक मिळते, तिला वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. तो ठेकेदाराकडून हातात घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.

कोणत्या वर्गातली गाडी

परदेशात ‘फुल साइज पिकअप’ म्हणतात ती वेगळी वस्तू. अमेरिकेतली फोर्ड एफ-१५० आपल्या रस्त्यावर आली तर अर्धा रस्ता व्यापेल, पण माल एक टनाच्या आसपासच उचलेल. आपल्याकडच्या टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस याही हौशी गाड्या, किंमत पंचवीस-तीस लाखांच्या घरात. शेतमालाच्या हिशेबात त्यांना जागा नाही. आपल्या कामाची पूर्ण आकाराची पिकअप म्हणजे महिंद्रा बोलेरो पिकअप आणि तिची मॅक्स मालिका, टाटा योद्धा आणि इंट्रा, अशोक लेलँड दोस्त आणि बडा दोस्त. सव्वा टनापासून दोन टनांपर्यंतच्या क्षमता यांत मिळतात.

यातली कोणती चांगली, असे विचाराल तर मी कंपनीचे नाव सांगणार नाही. तुमसरमध्ये कोणत्या गाडीची क्लच प्लेट, फिल्टर आणि मागचे पाटे त्याच दिवशी मिळतात, ती तुमच्यासाठी चांगली. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि धूर गाळणारी यंत्रणा आली. गावातला मिस्त्री पाटे बदलेल, पण डॅशबोर्डवर पेटलेला दिवा विझवायला मशीन लागते. ते मशीन असलेले सर्व्हिस सेंटर नागपूरला असेल तर प्रत्येक वेळी एक दिवस आणि एक फेरी बुडाली. घेण्याआधी त्याच मॉडेलची तीन वर्षे जुनी गाडी चालवणारे दोन मालक गाठा. मायलेज किती हे विचारू नका, सगळेच वाढवून सांगतात. ‘गेल्या वर्षी किती दिवस उभी होती?’ हे विचारा.

क्षमता ठरवताना एक आकडा लक्षात असू द्या, ३,००० किलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार ज्या मालगाडीचे मालासकट एकूण वजन तीन हजार किलोपेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. सव्वा टनी वर्गातल्या पिकअप साधारण या मर्यादेत बसतात, दोन टनी ओलांडतात. चिखल्याहून मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर. तिरोडी, कटंगीचे भाडे तुम्हाला नेहमी येणार. मोठी गाडी घेतली तर दुसऱ्या राज्यात जायला त्या प्रमाणात परवाना काढावा लागेल आणि तो खर्च हिशेबात हवा. नोंदणी पुस्तकातला ‘एकूण भारित वजन’ हा रकाना घेण्याआधी पाहा. जाहिरातीतल्या टनांवर जाऊ नका.

काम थोडे असेल तर आणखी खाली उतरायलाही हरकत नाही. २००५ साली टाटा एस आली, आपण तिला छोटा हत्ती म्हणतो. तिचीच धाकटी आवृत्ती एस प्रो जून २०२५ मध्ये ३ लाख ९९ हजार या सुरुवातीच्या किमतीला आली, क्षमता ७५० किलो. धानासाठी ती अपुरी, पण भाजी, दूध, किराणा यांना चालते आणि हप्ता निम्म्याहून कमी.

गाडीत माणसे बसवण्याबद्दल

हा भाग सावकाश वाचा.

रोवणीच्या दिवसांत एका गावच्या बाया दुसऱ्या गावी पिकअपच्या हौद्यात उभ्या राहून जातात. पहाटे अंधारात, पावसात, वीस-वीस जणी. आपल्याला त्यात काही वेगळे वाटत नाही इतकी सवय झाली आहे. मालवाहू गाडीच्या विम्यात रस्त्यावरचा तिऱ्हाईत माणूस येतो आणि मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. हौद्यातल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले. भरपाई द्यावी लागली तर ती गाडीमालकावर येते. कंपनीला आधी रक्कम भरायला सांगितली गेली तरी ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. एका वळणावर गाडी उलटली तर ज्यांची माणसे गेली त्यांना काही मिळत नाही आणि ज्याची गाडी त्याची शेती जाते. दोन्ही घरे आपल्याच भागातली. माणसे न्यायची असतील तर प्रवासी परवान्याची गाडी सांगा. शंभर-दोनशे रुपये जास्त जातील.

परवान्याच्या बाजूने एक चांगली गोष्टही झाली आहे. हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. ‘बॅज नव्हता’ म्हणून दावा नाकारण्याची वाट त्यामुळे बरीच बंद झाली. लायसन मुदतीत आहे ना, तेवढे बघत जा.

जास्त माल भरण्याचेही असेच. १३ क्विंटलच्या गाडीत २० क्विंटल धान भरून तुमसरला नेला तर वाचते काय? एका फेरीचे डिझेल, पन्नास किलोमीटरचे पावणेचारशे रुपये. पकडले गेलात तर कायद्यातला दंड २० हजारांपासून सुरू होतो, वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वेगळे आणि जादा माल तिथेच उतरवायचा. पकडले नाही तरी पाटे बसतात, मागचे टायर वर्षभरात जातात, उतारावर ब्रेक धरत नाही. पिकअप ‘भरवशाची नाही’ अशी तक्रार करणाऱ्या दहातल्या सात जणांच्या गाडीचा हौदा मी मागून पाहिला आहे. पाट्यात एक जादा पान चढवलेले असते.

जुनी घेत असाल तर

हप्ता झेपत नसेल तर चार-पाच वर्षांची जुनी पिकअप हा वाईट पर्याय नाही. उलट पहिल्या धंद्याला मी तीच सुचवतो. फक्त कागद आधी, गाडी नंतर. नोंदणी क्रमांक सरकारी वाहन अ‍ॅपवर टाकून कर्जाचा बोजा, विम्याची आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत बघा, ई-चलनही तपासा. बोजा असेल तर विकणाऱ्याने बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. सह्या करून कोरे ठेवलेले फॉर्म घेऊन वर्षभर तशीच गाडी चालवणारे आहेत. त्या काळात अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. मालवाहू गाडीची तपासणी पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असते. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचे तपासणी शुल्क एप्रिल २०२२ पासून कितीतरी पटींनी वाढले आहे, तेव्हा अकरा-बारा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी तिची उरलेली वर्षे मोजा. एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, पाहा.

गाडी पाहायला दिवसा जा, धुतलेली असेल तर संशय घ्या. खाली वाकून चॅसिसवर वेल्डिंग शोधा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या कड्यांजवळ. फाळका उघडझाप करून बघा. तो वाकडा बसत असेल तर हौद्याने जास्त वजन सोसले आहे. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा आणि दहा-बारा कट्टे टाकून चढावर चालवा. रिकाम्या गाडीचा क्लच काही सांगत नाही.

बालाघाटकडची एमपी-५० पासिंगची गाडी इथल्यापेक्षा स्वस्त मिळते, असे सीमेवरचे दलाल सांगतात. ती घ्यायची तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणून भंडाऱ्याला एमएच-३६ क्रमांक घ्यावा लागेल आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागेल. तो कर किती बसेल हे व्यवहाराआधी भंडाऱ्याच्या कार्यालयात गाडीचे कागद दाखवून विचारून या. इसार त्यानंतर द्या.